ओळखीची तबकडी

१९५५ साली अमेरिकेतल्या दुकानांत कोलंबिया कंपनीची एक बारा इंची तबकडी आली. नाव 'आय लाइक जॅझ!', किंमत फक्त ९८ सेंट. एरवी एवढ्या लांबीच्या तबकडीला चार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. हिच्यावर बेसी स्मिथ, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन आणि त्या काळात नुकताच गाजू लागलेला डेव्ह ब्रुबेक असे सगळे एकत्र होते. कंपनीचा हिशेब उघड होता. नमुना स्वस्तात ऐकवायचा, गिऱ्हाईक गुंतले की पूर्ण किमतीच्या तबकड्या विकायच्या. मात्र जॅझच्या संकलनांची सुरुवात ज्यांनी केली, त्यांच्या डोक्यात नवखा श्रोता नव्हताच. ती माणसे छांदिष्ट संग्राहक होती आणि बाजारातून नाहीशा झालेल्या रेकॉर्डी त्यांना परत हव्या होत्या.

याचे कारण जॅझच्या घडणीतच आहे. चाल कागदावर उतरवता येते. वादक त्या चालीवर ऐन वेळी जे रचतो ते लिहिलेले नसते आणि दुसऱ्या दिवशी तसेच होतही नाही. मागे राहते ते फक्त ध्वनिमुद्रण. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यू यॉर्कमध्ये ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडने व्हिक्टर कंपनीसाठी दोन तुकडे वाजवले, तिथून जॅझच्या रेकॉर्डींचा इतिहास धरतात. बँडमधले पाचही जण गोरे होते. ज्यांच्यापासून हे संगीत निघाले त्या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांना आपली पाळी येण्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तबकडीच्या मिश्रणात शेलॅक असे, म्हणजे पळस-कुसुमाच्या झाडांवरची लाख, आणि जगाला ती मुख्यतः भारतातून जाई. १९२९च्या मंदीनंतर रेकॉर्डींची विक्री कोसळली, कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, आणि विसाच्या दशकातले बरेचसे जॅझ दुकानांतून गेले.

ते शोधायला आधी निघाले फ्रेंच. १९३२ साली पॅरिसमध्ये हॉट क्लब द फ्रान्स स्थापन झाला. १९३६ साली शार्ल देलोने याने कोणत्या रेकॉर्डवर कोण वाजवतो याची पुस्तकभर यादीच छापली. न्यू यॉर्कमध्ये मिल्ट गेबलर नावाचा तरुण वडिलांचे दुकान सांभाळत होता. जुन्या रेकॉर्डींना गिऱ्हाईक आहे हे त्याच्या लक्षात आले आणि १९३५च्या सुमारास कंपन्यांकडून मूळ साचे भाड्याने घेऊन तो त्या पुन्हा काढू लागला. लेबलावर बँडच्या प्रमुखाबरोबर सगळ्या वादकांची नावे छापण्याची रीतही त्याचीच. (बिली हॉलिडेचे 'स्ट्रेंज फ्रूट' तिच्या कंपनीने काढायचे नाकारल्यावर १९३९ साली ते काढणारा हाच गेबलर.)

पुढची उडी जॉर्ज अव्हाकियनची. रशियात जन्मलेला, आर्मेनियन आईबापांचा हा मुलगा येल विद्यापीठात शिकत असतानाच डेक्का कंपनीला पटवून बसला की शिकागोच्या वादकांना एकत्र आणून त्यांच्या शैलीचा एक अख्खा संच मुद्रित करावा. 'शिकागो जॅझ' १९४० साली निघाला. फोटोंच्या अल्बमसारख्या बांधणीत सहा तबकड्या, सोबत अव्हाकियनने लिहिलेली पुस्तिका. जॅझचा पहिला अल्बम म्हणून याचेच नाव घेतले जाते. मग कोलंबियाने त्याला आपली जुनी कोठारे धुंडाळायला बोलावले. तिथे आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडांच्या काळातली, कधीच बाहेर न आलेली मुद्रणेही त्याच्या हाती लागली. त्यातून 'हॉट जॅझ क्लासिक्स' ही मालिका उभी राहिली. आजही नवख्याच्या हाती आधी हॉट फाइव्हच दिले जाते. त्यात आर्मस्ट्राँगच्या वादनाइतकाच वाटा विशीतल्या त्या विद्यार्थ्याच्या चिकाटीचा आहे.

महायुद्धात लाखेची टंचाई झाली. नवी तबकडी हवी तर जुनी मोडीत द्या, असा प्रकार अमेरिकेत सुरू झाला. त्यात काय काय वितळले असेल, कोण जाणे.

जून १९४८मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, आणली. तिच्या बारा इंची बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि संकलनाला खरी ऐसपैस जागा मिळाली. मोझेस ॲशच्या फोकवेज या छोट्या कंपनीने १९५० ते १९५३ या काळात फ्रेडरिक रॅमसे याच्या संपादनाखाली 'जॅझ' नावाची अकरा भागांची मालिका काढली. तिची मांडणी बरीचशी नकाशावरची होती: दक्षिण, न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यू यॉर्क. जॅझ नदीच्या वाटेने उत्तरेला गेले ही पाठ्यपुस्तकी गोष्ट अशाच मांडणीतून लोकांच्या मनात पक्की बसली. प्रत्यक्षात वादक रेल्वेने, सर्कशींबरोबर, नाटकमंडळ्यांबरोबर दाही दिशांना जात होते. पण अकरा तबकड्यांना काहीतरी क्रम द्यावाच लागतो.

१९५६ साली संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने 'व्हॉट इज जॅझ' या तबकडीवर स्वतः बोलून, पियानो वाजवून जॅझ समजावले. ब्लूजचे तीन ओळींचे कडवे कसे बांधतात हे दाखवायला त्याने शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मधल्या ओळी ब्लूजमध्ये बसवल्या. एकच गाणे निरनिराळ्या शैलींत वाजवून दाखवताना आधुनिक शैलीचा नमुना म्हणून माइल्स डेव्हिसचा गट बोलावला गेला, आणि त्यात सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन होता! शिकवणीसाठी असा नमुना क्वचितच कोणाला मिळाला असेल.

या सगळ्यांवर कळस चढवला तो १९७३ साली, समीक्षक मार्टिन विल्यम्सने. 'स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ क्लासिक जॅझ' म्हणजे सहा एलपी, ८६ मुद्रणे आणि जाडजूड पुस्तिका. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांची मुद्रणे एका खोक्यात आली, कारण मागणारी संस्था सरकारी आणि विद्येची होती. सुरुवातीलाच विल्यम्सने एक चतुर चाल खेळली. स्कॉट जॉप्लिनचे 'मेपल लीफ रॅग' १९१६च्या पियानो रोलवरून (यांत्रिक पियानोत घालायच्या छिद्रांच्या कागदी गुंडाळीवरून), आणि लगेच तेच रॅग जेली रोल मॉर्टनच्या हातून, १९३८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केलेले. जॉप्लिनचे ठोके सरळ, मोजके. मॉर्टन तीच वाक्ये वाकवतो, ताल मागेपुढे हेलकावतो. रॅगटाइम कुठे संपते आणि जॅझ कुठे लागते हे एका शब्दाशिवाय कळते. पुढे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'एम्ब्रेसेबल यू'चे दोन टेक आहेत, दोन्ही २८ ऑक्टोबर १९४७चे. गाणे तेच, वादक तेच, दोन टेकमध्ये फार वेळही गेलेला नाही. तरी पार्करने दुसऱ्यांदा सगळेच वेगळे रचले आहे. आपल्याकडे एका बंदिशीची दोन मैफलींतली ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवावीत, तसे. उत्स्फूर्तता म्हणजे काय यावर लिहिलेल्या शेकडो पानांचे काम ही सहासात मिनिटे करतात.

पण निवड म्हणजे पक्षपात, आणि विल्यम्सने तो लपवला नाही. पियानोवादक थेलोनियस मंकला त्याने भरपूर जागा दिली. ९८ सेंटच्या तबकडीवर मिरवणारा, सर्वाधिक खपणाऱ्यांतला ब्रुबेक त्याच्या संचात नाही. रॉकशी जुळवलेले विद्युत वाद्यांचे जॅझही नाही. महाविद्यालयांतले अभ्यासक्रम या संचावर बेतले गेले, तेव्हा एका माणसाची आवड पिढ्यांचा इतिहास होऊन बसली. ब्रुबेक वगळणे ही खुन्नस वाटते. मंकच्या बाबतीत मात्र काळाने विल्यम्सचीच बाजू घेतली.

मुंबईत जॅझ निराळ्या दाराने आले. १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याच्या वादकांनी त्यांच्या सहवासात आणि रेकॉर्डी ऐकून ही विद्या आत्मसात केली. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेलेला चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, हा त्यांतलाच. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. कित्येक मराठी घरांत जॅझचा ट्रम्पेट पहिल्यांदा शिरला तो अशा हिंदी गाण्यांतून, आणि तो जॅझचा आहे हे सांगणारी पुस्तिका सोबत नव्हती. १९५५पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर रोज रात्री संथ, स्वच्छ इंग्रजीत जॅझ ऐकवू लागला. लघुलहरींवरचा तो कार्यक्रम म्हणजे फुकटचे, न संपणारे संकलन होते.

२०११ साली स्मिथसोनियनने नवा संच काढला: सहा सीडी, १११ मुद्रणे. या वेळी निवड एकट्याची नव्हती, जाणकारांच्या गटाची होती. सुरुवात पुन्हा 'मेपल लीफ रॅग'नेच, पण शेवट पोलंडच्या तोमाश स्तान्कोच्या ट्रम्पेटवर. ब्रुबेक परत आला. चिक चॉकलेट मात्र या खोक्यातही नाही.

आता असे खोके घेणारे थोडे. फोनवर नवख्यांसाठी जॅझच्या तयार याद्या असतात आणि निवड वाईट नसते. वाईट असते ती माहिती. मुख्य कलाकाराचे नाव दिसते; पियानोवर कोण, ड्रमवर कोण, हे सहसा दिसत नाही, आणि वर्ष अनेकदा पुनर्प्रकाशनाचे असते. गेबलरने नव्वद वर्षांपूर्वी लेबलाच्या इवल्याशा जागेत बसवलेली गोष्ट या मोठ्या पडद्यांना जमत नाही. तेव्हा अशी यादी लावणाऱ्याने एवढे कष्ट जरूर घ्यावेत: आर्मस्ट्राँगचे १९२८चे 'वेस्ट एंड ब्लूज' लागले, तर पियानोवर अर्ल हाइन्स आहे हे शोधून काढावे आणि यादी तिथेच थांबवून पुढे हाइन्स लावावा.