'मेरिट'वाल्यांनो, बाळू पालवणकर कोण होते?

आरक्षणाचा विषय निघाला की "क्रिकेट टीममध्येही आरक्षण देणार का?" हा टोमणा ठरलेला. या मेरिटवाल्यांनी बाळू पालवणकर वाचावेत.

1876 साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात पारशांच्या क्लबात महिना 3 रुपयांवर खेळपट्टी झाडायचे. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात पगार झाला 4 रुपये. काम : रोलर फिरवणे, नेट लावणे आणि साहेबांना तासन्‌तास बॉलिंग करणे. बॅट मात्र हाती मिळाली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूंचा! याच घामातून देशातला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता!

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी मोलाची होती. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. आता सांगा, हे मेरिट कर्णधारपदाला का पुरले नाही? 1920 साली भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. संघर्ष केल्याशिवाय यांनी काहीच दिले नाही.

विद्यार्थी भीमरावांना बाळूंचा अभिमान होता. पण आम्ही बाळूंना देव करणार नाही. 1932 साली स्वतंत्र मतदारसंघाच्या लढ्यात ते बाबासाहेबांच्या विरुद्ध, राजा-मुंजे कराराच्या बाजूने उभे राहिले. (यातले डॉ. मुंजे आमच्या नागपूरचेच, हिंदू महासभेचे.) पुढे पुणे करारावर त्यांनी सही केली. 1937 साली काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. ज्यांना बाळू कर्णधार म्हणून नको होते, त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार म्हणून बरे चालले! आमचा राग बाळूंपेक्षा त्यांना वापरणाऱ्यांवर जास्त आहे. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225.

नागपुरात सी. के. नायडूंचे नाव क्रिकेटवाल्या घरांत आदराने घेतले जाते, घेतलेच पाहिजे. नायडू ज्या हिंदू संघातून पुढे आले, त्याला गोऱ्यांविरुद्ध जिंकायची सवय आधी कोणी लावली, तेही मुलांना सांगा.