जुनी नाव, खोल पाणी

पैनगंगा ओलांडून आलेल्या आमच्या घराण्यांना नाव माहीत ती उताराची. पावसाळ्यात पाणी चढले की डोंगा, पाणी ओसरले की पायवाट. याहून मोठा जलप्रवास आमच्या पूर्वजांच्या वाट्याला क्वचितच आला असेल. जैनथच्या शिलालेखात परमार जगद्देवाच्या पराक्रमवर्णनात दोरसमुद्राचे नाव येते खरे, पण तोही समुद्र नव्हे. ती होयसळांची राजधानी. असे असता या अंकात समुद्रगामी शिडाच्या नौकांची चर्चा कशाला, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर एवढेच की प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. बैलबाजारात जोडी घेताना जाणता माणूस केवळ वय विचारत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो आणि शेवटी जनावर चालवून पाहतो. जुनी नौका खोल समुद्रात नेण्याजोगी आहे की नाही, हा निर्णयही असाच घ्यावा लागतो. आणि त्यात चुकले तर नुकसान पैशापुरते राहत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत फायबरग्लासच्या नौका कारखान्यांतून निघू लागल्या. एकाच साच्यातून डझनावारी, कधी शेकड्यांनी कवच काढायचे आणि मध्यमवर्गाला परवडेल अशा किमतीत विकायचे, असा हा व्यवसाय. लाकूड कुजते ते दिसते. फायबरग्लास कुजत नाही, म्हणून या नौका टिकून राहिल्या आणि आज चाळीस-पन्नास वर्षांच्या नौका स्वस्तात विक्रीला असतात. मात्र त्यांतील बहुसंख्य नौका किनाऱ्याकाठच्या सुटीच्या सहलीसाठी बांधलेल्या होत्या. तेव्हा नौका जुनी आहे का, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ती मुळात कोणत्या पाण्यासाठी बांधली आणि मधल्या काळात तिच्यावर काय गुदरले, हे आधी विचारावे लागते.

आपल्याकडचे याचे उत्तम उदाहरण ‘तृष्णा’ नौकेचे. भारतीय भूसेनेच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेचा संकल्प केला, तेव्हा त्यांनी नवी नौका बांधली नाही; इंग्लंडमध्ये वापरलेली नौका विकत घेतली. स्वान ३७ या जातीची, म्हणजे सुमारे सदतीस फुटी, फिनलंडच्या नॉटर कारखान्यात घडलेली. आराखडा स्पार्कमन अँड स्टीफन्स या नामांकित अमेरिकी संकल्पकांचा. कुळ उत्तम होते. पण केवळ कुळावर त्यांनी भरवसा ठेवला नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. इंग्लंडहून मुंबईपर्यंत त्यांनी ती स्वतः शिडावर हाकारत आणली. हा प्रवास म्हणजेच परीक्षा होती. बंदरात बांधलेल्या नौकेत जे दोष कितीही ठोकून सापडत नाहीत, ते हजारो मैलांच्या लाटांत आपोआप बोलू लागतात. त्यानंतर २८ सप्टेंबर १९८५ रोजी ‘तृष्णा’ मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी पृथ्वीला वळसा घालून परतली. असा वळसा घालणारी ती पहिली भारतीय शिडनौका.

आता ठोकून पाहण्याविषयी. जुन्या फायबरग्लास नौकांबद्दल एक समज रूढ आहे की त्या काळी कारागिरांना या द्रव्याच्या ताकदीचा अंदाज नव्हता, म्हणून त्यांनी थरावर थर चढवले आणि जुनी ती भक्कम. यात अर्धे सत्य आहे. कवच बहुधा जाड असते. परंतु वरच्या तक्तपोशीत वजन वाचवण्यासाठी दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड भरलेले असते. एखाद्या खिळ्याच्या भोकातून पाणी झिरपले की ते लाकूड आतल्या आत मऊ होते. वरून रंग चकाकत राहतो. तपासनीस लहान हातोडीने टकटक करीत जातो. जिथे खणखणीत आवाज बद्द होतो, तिथे थांबतो. माठ घेताना बोटाने वाजवून पाहणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याहून फसवे असते ते पोलाद. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आणि त्या ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या पट्ट्या, हे सारे न गंजणाऱ्या पोलादाचे. पण हे पोलाद गंजत नाही ते हवेतील प्राणवायूने त्यावर धरलेल्या पातळ कवचामुळे. पट्टी तक्तपोशीतून आत जाते तिथे ओल असते आणि हवा नसते; नेमके तिथेच ते पोखरले जाते. बाहेरून आरशासारखी असलेली पट्टी आत निम्मी उरलेली असू शकते. म्हणून दीर्घ प्रवासाआधी तारा बदलाव्यात आणि पट्ट्या उपसून पाहाव्यात, असे जाणकार सांगतात. सुकाणूचा दांडा, तळाचे वजन कवचाला जोडणारे बोल्ट, पाण्याच्या पातळीखालील नळांच्या तोट्या, यांचीही तीच गत. बुडवणारी गोष्ट बहुधा लहान असते.

तपासणीची ही सारी कलमे १९७९ साली फास्टनेट शर्यतीत भयंकर रीतीने पुढे आली. ३०३ नौका निघाल्या, वादळ आले, १५ स्पर्धक दगावले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी बहुतेक पुढे तरंगतानाच सापडल्या. नौका उलटल्यावर किती सहजतेने पुन्हा सुलटी होते, याची गणिते त्यानंतर गांभीर्याने मांडली गेली: रुंदी फार आणि वजन कमी असेल तर ती उलटीच राहण्याचा धोका अधिक.

जुन्या नौकांची सामुदायिक कसोटी पाहायची तर २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत पाहावी. तिचे मूळ मुंबईत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका कुलाब्यात बांधली गेली आणि १९६९ साली न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ठरली. तीही वाटेत गळू लागली तेव्हा त्यांनी पाण्यात बुडी मारून फटी बुजवल्या होत्या. तिच्या स्मरणार्थ पन्नास वर्षांनी नेमलेल्या शर्यतीचा नियम असा की नौका बत्तीस ते छत्तीस फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, लांब कण्याची आणि एका साच्यातून किमान वीस निघालेल्यांपैकी हवी. सुहैलीच्या प्रतिकृतींना मात्र मुभा होती. त्यानुसार अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली नवीकोरी ‘थुरिया’ घेऊन उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन यांच्या जुन्या बिस्के ३६ नौकेचीही डोलकाठी गेली. म्हणजे नवे-जुने हा भेद वादळाने मानला नाही. ती शर्यत जिंकली ती मात्र रस्टलर ३६ या साच्यातील नौकेने, आणि पुढच्या खेपेस टॉमींनीही तोच साचा निवडला. ‘बायानत’ घेऊन २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

एवढ्यावर थांबलो असतो तर जुन्या नौकांची बाजू जिंकली असे वाटले असते. पण त्याच दुसऱ्या शर्यतीत तापिओ लेहतिनेन हे फिनलंडचे खलाशी ‘अ‍ॅस्टेरिया’ घेऊन होते: १९६५ च्या सुमाराची, तृष्णेच्याच संकल्पकांच्या आराखड्यावरून घडलेली, आणि मागच्या शर्यतीत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आलेली. अनुभवाने याहून मोठे प्रमाणपत्र कोणते द्यावे? १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस, वादळ नसताना, तिच्या मागच्या भागातून पाणी शिरले आणि काही मिनिटांत ती बुडाली. लेहतिनेन रबरी तराफ्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी शर्यतीतीलच कर्स्टन नॉयशेफर यांनी वाट सोडून त्यांना उचलले, ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या हवाली केले आणि आपली ‘मिनेहाहा’ पुन्हा वाऱ्यावर घातली. पुढे ती शर्यत त्यांनीच जिंकली. ‘अ‍ॅस्टेरिया’त पाणी कोठून आले, ते समुद्राच्या तळाशी आहे.