कासरा तुटल्यावर

मंडळी, शंकरपटात बैलजोडी ऐन भरात असताना कासरा तुटला, तर हाकणाऱ्याची काय गत होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. तसाच प्रसंग जून १९६२ मध्ये पॅरिसच्या ओतेय मैदानावर फ्रेड विंटर या इंग्रज स्वारावर आला.

आपल्या महालक्ष्मीला घोडे सपाटीवर धावतात. ही शर्यत तशी नव्हे. चार मैलांची धाव, वाटेत कुंपणे नि पाण्याचे चर, आणि मार्ग असा वेटोळा, की नवख्याने चुकावेच. सुरुवातीलाच मँडरिन घोड्याच्या तोंडातले कडियाळे तुटले. लगाम गळ्यात लोंबू लागला. आता घोडा आवरायचा कशाने आणि वळवायचा कशाने? त्यातून वजन उतरवण्यापायी विंटर आधीच गळून गेलेला, पोट बिघडलेले. तरी गडी उतरला नाही. पायांची पकड आणि अंगाचा तोल, एवढ्यावर त्याने घोडा वळवला. शेवटी शेवटी घोड्याचा पुढचा पाय दुखावला. तरीही मँडरिन जिंकला, जेमतेम डोक्याच्या अंतराने! आणि त्याच दिवशी विंटरने दुसऱ्या घोड्यावर आणखी एक मोठी शर्यत मारली.

मला मात्र पुढच्या गोष्टीचे अधिक नवल वाटते. चार वेळा इंग्लंडचा अव्वल ठरलेला हा स्वार १९६४ साली मैदानातून निवृत्त झाला. शर्यत सुरू करून देणाऱ्याच्या मदतनिसाची जागा त्याने मागितली, ती मिळाली नाही. मग लॅम्बोर्न गावी त्याने स्वतःचा तबेला थाटला. स्वतःला येणे निराळे आणि दुसऱ्याकडून करवून घेणे निराळे, हे गुरुजी मंडळी जाणतातच. तीस उड्यांची ग्रँड नॅशनल शर्यत त्याने १९५७ व १९६२ मध्ये घोड्यावर बसून जिंकली होती. आता १९६५ मध्ये, पहिल्याच हंगामात, ती त्याने तयार केलेल्या 'जे ट्रम्प'ने जिंकली. घोडा अमेरिकेचा, स्वारही तिकडचाच एक हौशी तरुण. पुढच्या साली 'अँग्लो'ने तीच शर्यत मारली. असा हा गुरू आठ वेळा अव्वल ठरला.

घोड्यांवरून तो कितीदा तरी पडला. १९४८ साली तर पाठीचा कणाच दुखावला. वर्षभर मांड ठोकता आली नाही. त्यातून तो उठला. पण १९८७ साली घरच्याच जिन्यावरून पडला आणि त्यानंतर त्याचे बोलणे जवळजवळ थांबले. २००४ साली तो वारला.