न मागितलेली भाकर

भुकेलेल्यास अन्न देणें हें पुण्य होय, असें सर्वच धर्म सांगतात. ख्रिस्ती धर्मग्रंथांत तर अखेरच्या न्यायाची कसोटीच या एका कृत्यावर बसविली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील राजा नीतिमानांस आपल्या भुकेची व त्यांनीं घातलेल्या अन्नाची आठवण देतो, तेव्हां ते चकित होतात. कारण आपण जेवूं घातलें तो राजा होता, हें त्यांच्या गांवींही नसतें. देणाऱ्यास आपल्या दानाचें भान नाहीं व घेणाऱ्याची ओळख पटलेली नाहीं, असें हें दान आहे. या शिकवणुकीचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंच्या दुष्काळकार्याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

रमाबाईंस भूक ग्रंथांतून कळली नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपलें द्रव्य तीर्थयात्रा व दानधर्म यांत खर्च केलें. पुढें दक्षिणेंतील दुष्काळांत या विद्वान् कुटुंबावर रानांतील पाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, त्यांच्या मागोमाग आईही गेली. आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविला आहे. आईस बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवा होता. रमाबाई एका शेजारणीच्या दारीं गेल्या; परंतु भिक्षेचा शब्द कांहीं केल्या तोंडावाटे निघेना, अश्रू मात्र आवरेनात. त्या ब्राह्मण बाईनें न सांगतां सारें ओळखिलें व भाकर दिली. ती घरीं पोंचली तेव्हां आईला खाण्याचें त्राण उरलें नव्हतें.

इ. स. १८८३ मध्यें रमाबाईंनीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व १८८९ मध्यें मुंबईस शारदा सदन काढिलें. तें पुढें पुण्यास आलें. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां वर्गणी पाठवून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. त्या मध्य प्रांतांत गेल्या व अनाथ मुली आणि विधवा यांस घेऊन आल्या. निराश्रितांच्या छावण्यांत पोटास थोडेंबहुत मिळे. पण तरुण मुलींच्या अब्रूची शाश्वती नसे, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. प्लेगाच्या निर्बंधांमुळें या मुलींस पुण्यांत ठेवितां येईना. तेव्हां सदनाच्या खर्चास मदत व्हावी म्हणून केडगांवीं घेतलेली जमीन उपयोगीं पडली. आरंभीं तंबू व गवताच्या झोंपड्या, मागाहून पक्क्या इमारती, असें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. त्यांस केवळ जेवूं घालून बाई थांबल्या नाहींत. शेती, विणकाम, छापखाना यांचें शिक्षण देऊन त्यांनीं त्यांस स्वतःची भाकर मिळविण्यास शिकविलें.

आतां आक्षेपाचा विचार केला पाहिजे. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्येंच न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं शारदा सदनाच्या सल्लागारपदाचा त्याग केला होता. मुक्तिसदनांतील बहुतेक मुली पुढें ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीची धर्माविषयींची संमति कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न खरा आहे आणि अन्नदानाच्या थोरवीनें तो मिटत नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. अन्नाच्या मोबदल्यांत श्रद्धा मागणें त्या पंचविसाव्या अध्यायासही मान्य होण्याजोगें नाहीं. तेथील राजा कोणाचा धर्म विचारीत नाहीं. त्याच दुष्काळांत टिळक व सार्वजनिक सभा यांनीं शेतकऱ्यांस दुष्काळी कायद्यांतील त्यांचे हक्क समजावून दिले. तें कार्यही भुकेल्यांचेंच होतें. परंतु ज्यांना हक्क ठाऊक नव्हते आणि मागण्यास वाचाही उरली नव्हती, अशा पोरक्या मुलींपर्यंत जातीनें जाऊन पोंचणें हें काम रमाबाईंनीं केलें. आक्षेप खरा धरिला तरी हें श्रेय उणें होत नाहीं.

आम्हांस तर असें वाटतें कीं, भुकेलेला मागूं शकत नाहीं, तेव्हां देणाऱ्यानेंच त्याच्याकडे गेलें पाहिजे, हा धडा रमाबाईंनीं बायबल हातीं येण्यापूर्वींच घेतला होता. तो त्यांस कोणा धर्मोपदेशकानें दिला नव्हता. भाकरीचा तुकडा पुढें करणाऱ्या त्या शेजारणीनें दिला होता. केडगांवच्या चुलींवर पुढें हजारों भाकरी भाजल्या गेल्या. त्यांतील पहिली त्या बाईच्या घरची होती.