शब्दवेध : पळस

साकुरा, म्हणजे चेरी, फुलली की जपानी माणसे तिच्याखाली बसून फुले पाहतात, त्याला ‘हानामी’ म्हणतात. हाना म्हणजे फूल, मी म्हणजे पाहणे. आपल्याकडे असे फूल पाहायचे तर फाल्गुनात भिवंडीहून तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीला निघावे. १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेले हे देऊळ. या भागातल्या रानात तेव्हा पळस पेटलेला असतो.

संस्कृत ‘पलाश’चे प्राकृतात ‘पलास’ झाले. दोन स्वरांमधला ल मराठीत ळ होतो, म्हणून आपला पळस. पण पलाशचा मूळ अर्थ पान! फुलताना जो जवळजवळ निष्पर्ण असतो, त्याला नाव पानाचे. मला यात व्यवहार दिसतो: पत्रावळी, द्रोण याच पानांचे, माणसाचा रोजचा संबंध पानाशी. म्हणीतही पळसाला पाने तीनच, फुलाचा उल्लेख नाही. फुलाकडे पाहिले ते कवींनी. चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी पाहून त्यांनी विचारले, ‘किं शुकः?’, हा पोपट तर नव्हे? परंपरेने ‘किंशुक’ची फोड अशीच सांगितली आहे.

यंदा वज्रेश्वरीला जाल तेव्हा दर्शनानंतर लगेच परतू नका. थोडा वेळ पळसाखाली बसा आणि फांदी मात्र तोडू नका.