अग्निशामक, सुवाह्य : तपासणी व देखभाल
आग लहान असतानाच विझवण्यासाठी कारखाने, कार्यालये इ. ठिकाणी ठेवलेली, हाताने उचलता येणारी अग्निशामक यंत्रे सदैव वापरण्याजोगी राखण्याची पद्धती. भारतात ‘आयएस २१९०’ हे मानक यासाठी मार्गदर्शक आहे. पाहणीत यंत्रापर्यंतची वाट मोकळी, पिन व सील शाबूत, नळी न तुंबलेली आणि दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री करतात. कार्बन डाय-ऑक्साइडच्या यंत्राला सहसा दाबमापक नसतो. वायूची गळती वजनावरून ओळखतात. दाब योग्य असूनही आतील भुकटीचे गठ्ठे होऊ शकतात, म्हणून केवळ बाह्य पाहणी पुरत नाही. अंशतः वापरलेले यंत्रही लगेच पुन्हा भरावे लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र मालक वा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करायचे असते.