हमरापूरचा गणपति आणि लंडनची वाट

मुंबईहून लंडन किती लांब, असें पेण तालुक्यांतील हमरापूरच्या एखाद्या मूर्तिकारास विचारलें, तर तो मैल सांगणार नाहीं. चतुर्थीच्या आधीं किती दिवस पेटी निघाली पाहिजे, तें सांगेल.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत १० जूनला लंडनास पोहोंचलें. तेंच सुमारें ७,२०० किलोमीटरांचें अंतर आतां विमान कोठेंही न थांबतां नऊ-दहा तासांत आक्रमितें. उतारूची सोय झाली. पण गणपतीचें काय? आंतून पोकळ असली तरी मूर्ति जागा फार अडविते, आणि विमानांत जागा महाग. तेव्हां तिची वाट बहुधा समुद्राचीच.

आणि समुद्राचें अंतर हें कांहीं कायमचें नव्हे! १८६९ त सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हां आफ्रिकेचा वळसा चुकून तें सुमारें दोनपंचमांशानें घटलें. १९६७ ते १९७५ कालवा बंद राहिला, तें पुन्हां वाढलें. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागतांच अनेक जहाजांनीं तोच जुना वळसा धरला, आणि प्रवासाचे दहा-बारा दिवस वाढले. तिथि मात्र जहाजासाठीं थांबत नाहीं. म्हणून भाद्रपदांत पूजावयाच्या मूर्तीचा रंग उन्हाळ्यांतच वाळावा लागतो. गांवचा गिऱ्हाईक श्रावणांत मूर्ति पाहावयास येतो, तेव्हां लंडनचा गणपति कधींच बंदराबाहेर पडलेला असतो.